माळ्यावर गेलेला ग्राहक

१

म्हातारी अंघोळीला म्हणून बाथरूममध्ये गेली आणि गेलीच. लेक सकाळी भेटायला आली तर कडी आतून, आत पाणी वाहतंय, आणि हाका मारून मारून हिचा घसा बसला. शेजाऱ्यांनी दार तोडलं तेव्हा आत नुसती वाफ होती. गॅस गिझरचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही येत नाही, हीच त्याची हरामखोरी. डॉक्टरांनी एका ओळीत कारण लिहिलं आणि लेकीनं त्याच दुपारी पोलिसांत जाऊन गिझर कंपनीच्या फिटरविरुद्ध तक्रार दिली. आई तिला म्हणाली होती, फिटर बघून गेला, आता सगळं ठीक आहे म्हणतात.

फिटर म्हणत होता, मी ठीक आहे म्हटलंच नाही. धूर बाहेर नेणारा पाइप सडलाय, गिझर वापरू नका, असं आजींना बजावलं. मोबाइलवरून कंपनीत नोंद केली. गॅसचा कॉक बंद करून त्याला लाल टॅग बांधला. नवा पाइप मागवला.

कंपनीच्या स्क्रीनवर मात्र म्हातारीचं नाव टाकलं की दोनच ओळी उमटत. नवीन ग्राहक. मागील इतिहास नाही.

साहेबांनी चाळणीबाईंना बोलावून घेतलं. कंपनीची अंतर्गत तपासणी या बाईंकडे असे आणि त्यांच्यातून खडा सुटत नाही म्हणून सगळे त्यांना पाठीमागे चाळणीबाई म्हणत. त्यांना ते माहीत होतं, आवडतही होतं, पण तसं त्यांनी कधी कुणाला दाखवलं नाही.

"फार खोलात शिरू नका," साहेब म्हणाले. "फिटर खोटं बोलतोय, एवढं लिहून द्या. सोमवारी पोलिस त्याला उचलणार आहेत. आपला कागद तयार हवा."

"खोटं बोलतोय हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"स्क्रीननं."

"मग अहवालही तिच्याकडूनच लिहून घ्या," चाळणीबाई म्हणाल्या आणि पर्स उचलून निघाल्या.

२

फिटर घराच्या जिन्यात बसला होता. घरात का नाही बसला, ते विचारायची गरज पडली नाही. आतून भांडी आदळल्याचा आवाज येत होता.

"बाई, तुम्हाला पाठवलं? मग झालंच माझं," तो म्हणाला. "तुम्हीच पकडलं होतं मला."

खरं होतं ते. मागे एकदा या पठ्ठ्यानं दोन घरी न जाताच 'जाऊन आलो' असं नोंदवलं होतं आणि चाळणीबाईंनीच ते बाहेर काढलं होतं. तेव्हापासून त्याचं सगळं लांडगा आला रे आला असं होऊन बसलं होतं.

"म्हणूनच मला पाठवलंय," त्या म्हणाल्या. "माझा तुझ्यावर विश्वास बसणार नाही याची साहेबांना खात्री आहे. बोल. ग्राहकाचं नाव काय होतं?"

"नाव कोण बघतं? आम्हाला पत्ता लागतो. मोबाइलवर त्या आठवड्याची कामं दिसतात, मग ती आपोआप निघून जातात."

"टॅग कशानं बांधलास?"

"तारेनं. दोरी असली की लोक कापून टाकतात. तार पक्कडीनं पिळून घ्यायची, आपली ही जुनी सवय." त्यानं हवेतच मूठ पिळून दाखवली. "आजी चांगल्या होत्या हो. म्हणाल्या, तोपर्यंत चुलीवर तापवीन पाणी, काय बिघडतं. ऐकणाऱ्यातल्या होत्या. म्हणून तर मला कळत नाही, त्यांनी कॉक उघडला कसा."

आतलं भांडं पुन्हा आदळलं.

"बायको विचारते," फिटर हळू आवाजात म्हणाला, "खरं सांग, गेला होतास ना? माझी बायको, बाई. पोलिसांनी विचारलं तर समजू शकतो."

चाळणीबाईंना त्याची दया आली आणि त्या दयेचा रागही आला. दयेवर अहवाल लिहिता येत नाही. त्या उठल्या.

३

म्हातारीच्या घरी लेकच होती. कपाटं उघडी, कपडे पलंगावर, आवरायला घेतलेलं आणि अर्ध्यातच टाकलेलं. तिनं दार उघडलं ते तोंड फिरवूनच.

"गिझर कंपनीच्याच ना तुम्ही? सारवासारव करायला आलात?"

"सारवायचं असतं तर साहेबांनी मला नसतं पाठवलं. मला बाथरूम बघू द्या."

गिझर भिंतीवर तसाच होता. त्याच्या मागचा पाइप नुसता बोट लावलं तरी गंजाच्या पापुद्र्यांनी गळत होता. लाल टॅग कुठं नव्हता. पण कॉकच्या मानेला, मागच्या बाजूनं, पिळलेल्या तारेचा एक आखूड तुकडा अडकून राहिला होता. चाळणीबाईंनी चष्मा कपाळावर चढवून तो नीट पाहिला. गिझरच्या पोटावर कंपनीचा स्टिकर होता, इतका जुना की त्यावरचा कंपनीचा फोन नंबरही आता बदललेला होता.

"आईनं कंपनीला फोन केला होता का?"

"केला असणार. तिलाच हौस. फिटरनं बघितलं, कंपनीनंही सांगितलं की काही बाकी नाही, असं म्हणाली मला. वर हसली. म्हणाली, उद्यापासून मस्त गरम पाणी." लेकीचा आवाज फाटला. "मला त्या माणसाला तुरुंगात बघायचंय. दुसरं काहीही नको. आणि तो नसेल, तर जो कुणी असेल त्याचं नाव द्या. नाव मिळाल्याशिवाय मी तक्रार मागं घेणार नाही."

स्वयंपाकघरात ओट्यावर एक जुना मोबाइल चार्जिंगला लावलेला होता. चाळणीबाईंची नजर तिकडे गेलेली पाहून लेक म्हणाली, "बाबांचा. ते जाऊन बरीच वर्षं झाली. आई रोज चार्ज करायची, रिचार्जही मारायची. आता मी लावते. का ते विचारू नका."

"फोन येतात त्यावर?"

"कोण करणार? बँकेचे, विम्याचे. तुमच्या कंपनीचा वाढदिवसाचा मेसेज यायचा दरवर्षी. आदरणीय ग्राहक, वगैरे. आई तो दिवसभर उघडून बसायची आणि रडायची. मलाच वाटायचं, एकदाचा थांबावा तो. यंदा नाही आला, तर तिनं निराळंच काढलं. म्हणे, सगळे विसरले त्यांना." लेकीनं पलंगावरची साडी उचलली, घडी घातली आणि पुन्हा मोडली.

४

तक्रार विभागाच्या दाराशी कागदात गुंडाळलेला एक लांब पाइप भिंतीला टेकून उभा होता आणि त्याला साहेबांची छत्री अडकवलेली होती. चाळणीबाईंची नडगी त्यावर सणकून आपटली.

"हे मध्येच काय?"

"गोदामातून आलाय, कुणाचा कळत नाही," टेबलामागची मुलगी म्हणाली. "त्यावरचा नंबर टाकला की स्क्रीन काहीच दाखवत नाही. कधीचा पडलाय." या मुलीचा आवाज इतका गोड की कंपनीत तिला साखर म्हणत. चिडलेलं गिऱ्हाईक तिच्याशी बोलून फोन ठेवताना आभार मानायचं.

चाळणीबाईंनी नडगी चोळली आणि खुर्ची ओढली. "म्हातारीची नवीन ग्राहक म्हणून नोंद तू केलीस. तुझं खूण-अक्षर आहे त्यावर."

"मीच केली. त्यांचा फोन आला, पाइप कधी बसवणार म्हणून. नाव टाकलं, काही नाही. पत्ता टाकला, काही नाही. मग नवीनच करायचं असतं बाई, तसा नियम आहे."

"आणि त्यांना काय सांगितलंस?"

"की तुमचं काही काम बाकी दिसत नाही."

"गिझर वापरू का, असं विचारलं त्यांनी?"

साखरेच्या आवाजातली सगळी गोडी उतरली. "विचारलं."

"मग?"

"स्क्रीनवर धोका असला की लाल येतं. लाल नव्हतं." ती टेबलाकडे बघत राहिली. "मी म्हटलं, वापरा आजी, काही काळजी करू नका."

म्हणजे म्हातारीनं टॅग स्वतःच काढला होता, तोही कंपनीला विचारून. ऐकणाऱ्यातलीच होती ती. पण फिटरची नोंद मुळात होती का, आणि होती तर ती गेली कुठं, हा प्रश्न जागच्या जागी होता.

त्या तडक माळेकराकडे गेल्या. त्याचं आडनाव वेगळंच, पण कंपनीचा सगळा डेटाबेस तो सांभाळायचा आणि जुन्या नोंदी जिथं हलवल्या जात त्या साठ्याला सगळे माळा म्हणत, म्हणून हा माळेकर. महिनाअखेर झाली की घरातल्यासारखंच, लागत नाही ते माळ्यावर.

"खाली गर्दी झाली की यंत्र रखडतं, बाई. गिऱ्हाईक फोन धरून ताटकळतं," माळेकर म्हणाला. "वर टाकलं म्हणजे फेकलं असं नाही. मागील इतिहास असं बटण आहे, ते दाबलं की वरचं सगळं समोर. ही सोय मीच केलीय." त्याला तिचा अभिमान होता.

"वर जातं कोण?"

"पाच वर्षांत ज्यांची काहीच हालचाल नाही ते. कंपनी सोडून गेलेले. आणि वारलेले. बाकी कुणी नाही. ज्याच्याकडे फिटर नुकताच जाऊन आलाय, पाइप मागवलाय, तो जाईलच कसा?"

"साहेबांनी सांगितलं तर?"

माळेकर चपापला. दाराकडे बघून म्हणाला, "या वेळी घाई केली होती त्यांनी. मुख्य ऑफिसातून कुणी बघायला येणार होतं. पण नियम मी मोडले नाहीत. आणि म्हातारीचं नाव मी माळ्यावरही शोधलं, साहेबांच्या नकळत. नाही, बाई. काहीच नाही."

झालं. एक तारेचा तुकडा सोडला तर फिटरच्या बाजूनं आता कुणीच बोलत नव्हतं.

५

चाळणीबाई अहवाल लिहायला बसल्या. फिटर पूर्वी खोटं बोलला होता. नोंद नाही. तार कुणाचीही असू शकते. त्यांनी लिहिलं, ग्राहक नवीन होता, आणि हात थांबला.

नवीन ग्राहकाच्या गिझरवर जुना फोन नंबर असलेला स्टिकर कसा? आणि वाढदिवसाचा मेसेज कंपनी कुणाला पाठवते? ज्याच्या नावावर गिझर असतो त्याला. शेजाऱ्याला नाही, नातलगाला नाही. म्हातारीला तो कधी आलाच नाही, आला तो तिच्या नवऱ्याला. बाप गेला, पण गिझर बापाच्याच नावावर राहिला. कुणाच्या घरी राहत नाही? माणूस गेल्यावर दाखले काढायचे, रांगा लावायच्या, त्यात गिझरचं नाव बदलायला कोण जातं?

मग यंदा मेसेज का आला नाही?

त्या अशा उठल्या की खुर्ची मागं पडली. तक्रार विभागाच्या दाराशी जाऊन त्यांनी पाइपावरची छत्री काढून खाली टाकली, कागदावरचा ग्राहक क्रमांक फाडून घेतला आणि माळेकरापुढे ठेवला.

"हा टाक."

"नोंद नाही म्हणतंय."

"माळ्यावर बघ. नावानं नको, नंबरानं."

माळेकरानं टाइप केलं आणि त्याचा चेहरा उतरला. "आहे, बाई. पण कुलूप आहे. मयत ग्राहक." तो घाईघाईनं सांगायला लागला, "मेलेल्या माणसाचं खासगी कुणी चाळू नये म्हणून त्यांचं ते बटण चालत नाही. खालून बघणाऱ्याला काहीच नाही असं दिसतं. पत्त्यानंही सापडत नाही. उघडायला साहेबांची सही लागते, आणि त्यांना पुन्हा जिवंत दाखवल्याशिवाय खाली आणता येत नाही."

साहेब सहीला राजी नव्हते. "मेलेल्या माणसाची जुनी नोंद उघडून काय मिळणार आहे?"

"साहेब, तुम्ही ज्या पाइपाला छत्री अडकवत होतात, तो त्या म्हातारीचा होता," चाळणीबाई म्हणाल्या. "सही करा, नाहीतर हे मी अहवालात लिहीन."

साहेबांनी सही केली. नोंद खाली आली. बापाचं नाव, तोच पत्ता, आणि तळाशी फिटरचे शब्द: धोकादायक. वापरू नये. टॅग लावला. पाइप मागवला. सगळं लालमध्ये. त्याच्या खाली, काही दिवसांनंतरची आणखी एक नोंद: ग्राहक मयत. खूण-अक्षर साखरेचं.

"फिटर सुटला," माळेकर म्हणाला.

"लेकीनं तक्रार मागं घेतली तर सुटला," चाळणीबाई म्हणाल्या. "तिला नाव हवंय."

साखरेला बोलावलं तेव्हा ती आधीच रडत होती. "वाढदिवसाचा मेसेज बंद करा म्हणून लोक फोन करतात, बाई. माणूस गेलेला असतो, घरच्यांना त्रास होतो. नुसता मेसेज थांबवायची सोयच नाही आपल्याकडे. मयत अशी खूण केली की थांबतो, म्हणून सगळे तेच करतात. काम बाकी आहे का, ते त्या खिडकीत दिसत नाही. मी चांगलंच करत होते ना? मेलेल्या माणसाला शुभेच्छा पाठवत राहायच्या का?"

तिच्यावर कुणी ओरडलं नाही. माळेकर आपलं मागील इतिहासाचं बटण बघत बसला होता, ज्याचा त्याला अभिमान होता.

"आणि म्हातारीनं फोन केला तेव्हा तुला ओळख पटली नाही?"

"दिवसात किती आवाज ऐकते मी, बाई."

"आधीचा तो फोन कुणाचा होता?" चाळणीबाईंनी विचारलं. "मेसेज बंद करा म्हणणारा."

"नाव नव्हतं विचारलं. रेकॉर्डिंग असेल."

ते त्यांनी ऐकलं. जेमतेम मिनिटभराचं होतं. पहिल्या वाक्यालाच चाळणीबाईंनी डोळे मिटले, कारण तो आवाज त्यांनी कालच ऐकला होता.

६

लेक ऑफिसात आली ती तयारीनं, तोंड घट्ट मिटून. पर्स मांडीवर घेऊन चाळणीबाईंच्या समोर बसली.

चाळणीबाईंनी तिला सगळं क्रमानं सांगितलं. फिटर आला होता, त्याच्या बायकोचासुद्धा त्यावर विश्वास बसत नव्हता. तार त्याची होती. नोंद होती, पण ती बाबांच्या नावावर होती, आणि बाबांना मयत दाखवल्यामुळे माळ्यावर गेली आणि तिला कुलूप लागलं. म्हणून आईला सांगितलं गेलं की काही बाकी नाही. हे सांगताना त्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होत्या. खोटं बोलायचा विचार त्यांनी रात्रभर केला होता. पण खोटं बोललं तर नाव उरत नव्हतं, आणि नाव नाही तर फिटर आत.

"पण इतक्या वर्षांनी बाबांना मयत दाखवलं कुणी?" लेक म्हणाली. "आणि आत्ताच का?"

"कुणीतरी फोन करून वाढदिवसाचा मेसेज..."

पुढचं बोलावं लागलं नाही. लेकीचा हात पर्सवर होता, तो तिथंच राहिला. बाहेर कुणीतरी फोनवर गिऱ्हाइकाला समजावत होतं.

"आईला त्रास नको म्हणून," ती म्हणाली. "दर वर्षी रडायची हो ती. मी तिला सांगितलंही नव्हतं. तिला वाटलं, विसरले."

"बाळा, चूक कंपनीची आहे. एक साधी सोय नव्हती यांच्याकडे. मी तसंच लिहिलंय अहवालात."

"साहेब काय म्हणाले?"

"म्हणाले, सूचना पुढे कळवतो." म्हणजे काय ते दोघींनाही कळण्यासारखं होतं.

"द्या, कुठं सही करू ती," लेक म्हणाली. तक्रार मागं घेतल्याच्या कागदावर तिनं सही केली, अक्षर अजिबात न हलवता. "त्यांच्या बायकोला सांगा, ते आले होते म्हणून. आई म्हणाली होती मला, चांगला माणूस आहे. मीच ऐकलं नाही."

तेवढ्यात तिच्या पर्समध्ये काहीतरी वाजलं. तिनं जुना मोबाइल बाहेर काढला, बाबांचा. वाचला, आणि काही न बोलता चाळणीबाईंपुढे धरला.

आदरणीय ग्राहक, आपल्याला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. आपली सुरक्षितता हेच आमचं समाधान.

माळेकरानं बाबांना खाली आणलं होतं. यंत्राच्या लेखी ते पुन्हा जिवंत झाले होते, आणि राहून गेलेला मेसेज यंत्रानं इमानदारीत धाडून दिला होता. चाळणीबाईंना स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. सगळं चाळलं आणि नेमकं एवढंच सुटलं.

"माफ करा," त्या म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता बंद करायला सांगते."

"कसा बंद करतात?"

करायची रीत एकच होती, आणि ती आता दोघींनाही माहीत होती.

लेकीनं मोबाइल परत घेतला, बोटानं काच पुसली आणि पर्समध्ये ठेवला.

"नको," ती म्हणाली. "राहू द्या. येऊ दे दर वर्षी. आता रडायला मीच आहे."

ती जिना उतरून गेल्यावर चाळणीबाईंनी फिटरला फोन लावला. फोन त्याच्या बायकोनं उचलला.